स्मृतिभ्रंश असलेल्या ज्येष्ठांसाठी पेसमेकर : निर्णयापासून देखभालीपर्यंत कुटुंबाने काय करावे

घरातील वयस्कर व्यक्तीला स्मृतिभ्रंश असल्याचे कळून दोन-चार वर्षे झालेली असतात, घराने आपली दिनचर्या त्या आजाराला जुळवून घेतलेली असते, आणि अशात एके दिवशी ती व्यक्ती न्हाणीघरात चक्कर येऊन पडते. दवाखान्यात ईसीजी निघतो, नाडी मिनिटाला ३६ भरते आणि पेसमेकर बसवावा लागेल असे सांगितले जाते. संमतीपत्र समोर येते, पुण्या-मुंबईतील मुलांना फोन जातात आणि तासाभरात सही होते. हा निर्णय पुष्कळदा योग्यच असतो. मात्र तो कोणत्या त्रासासाठी घेतला हे घरातल्या कोणालाही नीट सांगता येत नाही, आणि त्याची अडचण पुढे कित्येक वर्षे जाणवत राहते. कोल्हापूर आणि परिसरातील कुटुंबांना हा निर्णय समजून घेऊन करता यावा, आणि यंत्र बसवल्यावर नेमकी काय काळजी घ्यावी हे कळावे, यासाठी हा लेख आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगणे आवश्यक आहे. रुग्ण वारंवार बेशुद्ध पडत असेल, धाप लागत असेल किंवा डॉक्टरांनी पूर्ण हार्ट ब्लॉक (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युत संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत अजिबात न पोहोचणे) असल्याचे सांगितले असेल, तर ती तातडीची अवस्था आहे. अशा वेळी आधी रुग्णालय गाठावे. तेथे मानेतील किंवा जांघेतील शिरेतून तात्पुरती पेसिंगची (ठोके चालू ठेवणारी) तार घालून रुग्णाला स्थिर करता येते, आणि विचार करायला एक-दोन दिवसांचा अवधीही मिळतो.

पेसमेकर काय करतो आणि काय करत नाही

हृदयाचा प्रत्येक ठोका उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यातील सायनस नोडमधून सुरू होतो आणि तेथून निघालेला विद्युत संदेश मधल्या मार्गाने खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतो. वयोमानाने हा नोड मंदावतो किंवा मधला मार्ग अडतो. मग ठोके कमी पडतात किंवा मध्येच काही सेकंद थांबतात, मेंदूला रक्त अपुरे पडते आणि भोवळ येते. पेसमेकर ही टायटॅनियमची छोटी डबी असून ती बहुधा डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवतात. तिच्यापासून निघालेल्या एक किंवा दोन तारा शिरेतून हृदयात जातात. ठोका वेळेवर पडला नाही, तरच यंत्र हलका विद्युत संदेश देते.

त्यामुळे मंद ठोक्यांमुळे येणारी चक्कर, बेशुद्धी, धाप आणि थकवा पेसमेकरने कमी होतो. काही रुग्ण पूर्वीपेक्षा तरतरीत दिसू लागतात, कारण सतत कमी रक्तपुरवठ्यामुळे आलेली सुस्ती जाते. परंतु अल्झायमर किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजारामुळे गेलेली स्मृती परत येत नाही आणि आजाराची पुढची वाटचालही थांबत नाही. "पेसमेकर बसवला की आई पुन्हा ओळखायला लागेल" या आशेवर कोणी सही करू नये. ही आशा स्वाभाविक आहे, म्हणूनच डॉक्टरांनी आणि घरातल्या समंजस माणसाने ती वेळीच, मायेने दूर केली पाहिजे.

आधी औषधांची पिशवी तपासावी

माझ्या मते या संपूर्ण प्रवासातला हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि घाईत नेमका हाच राहून जातो. नाडी मंद होण्याचे कारण कित्येकदा घरातल्या औषधांच्या डब्यातच असते. जुनी-नवी सगळी औषधे एका पिशवीत भरून हृदयरोगतज्ज्ञांकडे न्यावीत. नुसती चिठ्ठी पुरेशी नाही, कारण चिठ्ठीत एक असते आणि प्रत्यक्षात दिले जाते दुसरेच. रक्तदाबाची गोळी राजारामपुरीतल्या डॉक्टरांची, स्मृतिभ्रंशाची मेंदूविकारतज्ज्ञांची, डोळ्यांतले थेंब आणखी तिसरीकडचे, अशी स्थिती असते. तिघांनाही एकमेकांनी काय लिहून दिले आहे याची कल्पना नसते.

त्या पिशवीत काय शोधायचे? रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिलेली मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी बीटा ब्लॉकर गटातील औषधे. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन, अमियोडेरोन, आयव्हाब्रॅडिन, क्लोनिडिन ही सर्व औषधे ठोके मंद करतात. काचबिंदूसाठी घातले जाणारे टिमोलॉलचे थेंब डोळ्यांतून अश्रुनलिकेवाटे नाकात उतरून रक्तात मिसळतात आणि वृद्ध व्यक्तीची नाडी लक्षणीय कमी करू शकतात. थेंब हे औषध आहे हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही, म्हणून ती बाटलीही पिशवीत असायलाच हवी.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत याहून महत्त्वाचा गट म्हणजे डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलन्टामिन. ही औषधे मेंदूतील असेटिलकोलीन या रसायनाचे प्रमाण वाढवतात, आणि त्याच असेटिलकोलीनमुळे हृदयाचे ठोके मंदावतात. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या वृद्धांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास असे दाखवतो की ही औषधे घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत, न घेणाऱ्यांच्या तुलनेत, बेशुद्ध पडणे, नाडी मंद होणे, पेसमेकर बसवावा लागणे आणि खुब्याचे हाड मोडणे या चारही गोष्टी अधिक आढळल्या. म्हणजे एका गोळीमुळे नाडी उतरायची आणि ती चढवण्यासाठी यंत्र बसवायचे, असा प्रकार होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : "ही गोळी कमी किंवा बंद करून काही दिवस वाट पाहता येईल का?" डोनेपेझिल शरीरातून पूर्ण जायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे गोळी बंद केल्याच्या दुसऱ्याच दिवशी नाडी सुधारली नाही म्हणून निष्कर्ष काढू नये. या गोळ्यांचा फायदा बहुतेक रुग्णांत मर्यादित असतो. केवळ ती गोळी चालू ठेवता यावी म्हणून यंत्र बसवणे मला तरी पटत नाही. मात्र गोळीने खरोखर लक्षणीय फरक पडला असेल, तर निर्णय वेगळा असू शकतो. मेमॅन्टिन हे स्मृतिभ्रंशाचे दुसरे औषध मात्र या गटातील नाही.

हे सर्व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायचे आहे. विशेषतः बीटा ब्लॉकर घरच्या घरी एकदम बंद केल्यास छातीत दुखणे किंवा रक्तदाब उसळणे असे धोके असतात. सोबत थायरॉइड, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या करून घ्याव्यात. थायरॉइड कमी असेल तर नाडी मंदावते आणि विचारांचा वेगही मंदावतो. दोन्ही तक्रारींवर उपाय एकच गोळी असू शकते.

पडण्याचे कारण नाडीच आहे का?

स्मृतिभ्रंशाची व्यक्ती पडण्याची कारणे अनेक असतात : झोपेच्या गोळ्या, कमी दिसणे, ओली फरशी, उभे राहताच रक्तदाब उतरणे. नाडी ५० असूनही काही त्रास नसेल, तर केवळ त्या आकड्यासाठी पेसमेकरची गरज नसते. म्हणून चक्कर आणि मंद ठोके यांचा संबंध शक्य तितका सिद्ध करून घ्यावा. त्यासाठी घरच्यांची नोंद फार उपयोगी पडते, कारण रुग्णाला स्वतःला काय झाले ते आठवत नाही. प्रसंग कधी घडला, त्याआधी व्यक्ती बसली होती की उभी होती, चेहरा पांढरा पडला का, किती वेळात शुद्ध आली, हे वहीत लिहावे आणि जमल्यास मोबाइलवर चित्रीकरण करावे. मनगटावरची नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणल्यास मधले थांबलेले ठोके निसटतात. आडवे असताना आणि उभे केल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला, तर कारण कदाचित वेगळेच आहे.

चोवीस तासांचे होल्टर (ठोक्यांची सलग नोंद करणारे छोटे यंत्र) लावल्यावर रुग्ण तारा ओढून काढतो, ही नेहमीची अडचण आहे. वर मागून बंद होणारी बंडी घालावी, यंत्र पाठीकडे फिरवून घ्यावे आणि तपासणी शक्यतो घरी, ओळखीच्या माणसांत करावी. छातीवर चिकटवण्याची पट्टी उपलब्ध असल्यास ती अधिक सोयीची ठरते.

निर्णयाची बैठक

औषधे तपासून झाली, कारण निश्चित झाले, तरी ठोके मंदच आहेत. आता घरातल्या निर्णय घेणाऱ्यांनी एकत्र बसून, कागदावर, एकच वाक्य लिहावे : हा पेसमेकर आपण कोणत्या त्रासासाठी बसवत आहोत? "आबा महिन्यात दोनदा बेशुद्ध पडतात, ते थांबावे" हे चांगले वाक्य आहे. "डॉक्टर म्हणाले म्हणून" किंवा "लोक काय म्हणतील" हे उत्तर आले, तर चर्चा अपुरी आहे असे समजावे. हा कागद जपून ठेवावा, कारण बॅटरी संपण्याच्या वेळी तो पुन्हा काढावा लागणार आहे.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे दिसले की स्मृतिभ्रंश असलेल्यांना पेसमेकर बसवण्याचे प्रमाण, स्मृतिभ्रंश नसलेल्यांपेक्षा अधिक होते. त्यातील प्रत्येक यंत्र अनावश्यक होते असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. पण स्वतःचे मत मांडू न शकणाऱ्या माणसाच्या बाबतीत उपचार आपोआप पुढे सरकत जातात का, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावा. अमेरिकेतील हृदयरोग संघटनांची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की इतर गंभीर आजारांमुळे पेसमेकरचा अर्थपूर्ण फायदा होण्याची शक्यता नसेल, किंवा रुग्णाच्या इच्छेशी तो विसंगत असेल, तर यंत्र बसवू नये आणि बदलूही नये.

आजाराची पायरी येथे निर्णायक ठरते. जी व्यक्ती अजून माणसे ओळखते, रंकाळ्यावर फिरायला जाते, जेवणाचा आनंद घेते, तिला बेशुद्ध पडण्यापासून आणि खुब्याचे हाड मोडण्यापासून वाचवणे हा सरळ फायदा आहे; स्मृतिभ्रंश आहे म्हणून तिला पेसमेकर नाकारणे अन्याय ठरेल. याउलट जी व्यक्ती अंथरुणाला खिळली आहे, गिळणे अवघड झाले आहे, बोलणे थांबले आहे, तिच्यासाठी रुग्णालयाचा मुक्काम, शस्त्रक्रिया आणि बांधलेले हात हेच मोठे कष्ट असतात. अशा वेळी नकार देणे म्हणजे सेवेत कसूर नव्हे. मधल्या पायरीवरचे निर्णय सर्वांत कठीण, आणि तेथे डॉक्टरांना पुढील प्रश्न विचारावेत : यंत्र बसवले नाही तर काय होण्याची शक्यता आहे? बसवले तर येत्या वर्षभरात रोजच्या जगण्यात कोणता फरक दिसेल? गुंतागुंत झाली तर पुन्हा शस्त्रक्रिया लागेल का?

रुग्णाचे मतही विचारावे. सौम्य आणि मध्यम स्मृतिभ्रंशात माणूस आपली इच्छा सांगू शकतो, फक्त विचारण्याची पद्धत बदलावी लागते. सकाळी, चहा झाल्यावर, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच साधा प्रश्न विचारावा : "आबा, चक्कर येऊन पडायची भीती वाटते का?" "दवाखान्यात दोन दिवस राहावं लागलं तर चालेल का?" दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर तेच येते का ते पाहावे. स्वतः सांगता येत नसेल, तर पूर्वी ते काय म्हणत असत हे आठवावे. शेजारच्या कोणाचे दीर्घ आजारपण पाहून त्यांनी बोललेले वाक्य घरात कोणालातरी आठवत असते.

भावंडांत मतभेद झाल्यास रोज सेवा करणाऱ्या व्यक्तीचे म्हणणे प्रथम ऐकावे. बहुतेक घरांत ती सून किंवा मुलगी असते, रात्रीचे जागरण तीच करते, आणि बैठकीत मात्र तिला कोणी विचारत नाही.

यंत्राचा प्रकार आणि खर्च

एका तारेचा, दोन तारांचा, किंवा तारांशिवाय थेट हृदयात बसणारा, असे प्रकार आहेत. जास्त महाग ते जास्त चांगले असे नसते. हृदयाच्या विकारानुसार निवड होते. तारा नसलेल्या यंत्रात छातीवर जखम नसल्यामुळे ती खाजवण्याचा प्रश्न उरत नाही, पण ते प्रत्येकाला चालत नाही आणि खर्चही बराच अधिक असतो. पुढे मेंदूचा एमआरआय लागण्याची शक्यता लक्षात घेऊन, डबी आणि तारा दोन्ही एमआरआयला चालणाऱ्या आहेत का, हे आधीच विचारावे. हृदयाची जीवघेणी बिघडलेली लय थांबवण्यासाठी झटका देणारे आयसीडी हे वेगळे यंत्र आहे. त्याचा निर्णय याहून वेगळा आणि अधिक अवघड असतो.

सत्तर वर्षे व त्यापुढील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून मिळते आणि त्यात पेसमेकरचा समावेश आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा योजनेतील खासगी रुग्णालयात आरोग्यमित्रांकडे करावी. फुले योजनेचा दूरध्वनी क्रमांक १५५३८८ आणि आयुष्मानचा १४५५५ आहे. वृद्धांच्या बोटांचे ठसे अनेकदा जुळत नाहीत, म्हणून कार्ड आजारपणाची वाट न पाहता आत्ताच काढून ठेवावे आणि आधारला चालू मोबाइल क्रमांक जोडावा.

रुग्णालयातील दोन रात्री

शस्त्रक्रिया स्थानिक भूल देऊन, तास-दोन तासांत होते. खरी परीक्षा त्यानंतरच्या रात्रीची असते. नवी जागा, अनोळखी माणसे, दिवसरात्र चालू असलेला दिवा आणि गुंगीचे औषध यांमुळे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला अचानक तीव्र भ्रम होऊ शकतो. तो उठून घरी जायला निघतो, सलाईन उपसतो, जखमेवरची पट्टी सोडवू लागतो.

यासाठी ओळखीचे एक माणूस अखंड उशाशी हवे. चष्मा, कवळी आणि श्रवणयंत्र घरून न्यावे. न दिसण्या-ऐकण्यामुळे भ्रम वाढतो. झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात, आणि हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावे. हात बांधण्यापेक्षा हाताला काम द्यावे. आयुष्यभर वारी केलेल्या आजोबांच्या उजव्या हातात तुळशीची जपमाळ दिली की बोटे आपोआप मणी सरकवू लागतात आणि पट्टीकडे जात नाहीत. आजींच्या हातात घडी घालायला चार रुमाल दिले तरी तेच साधते. पट्टीवर सैल, बंद गळ्याचा सदरा घालावा. तो मागून बंद होणारा असला तर जास्तच चांगले.

डबी कातडीखाली वारंवार फिरवत राहिल्यास तारा गुंडाळल्या जाऊन हृदयातील जागेवरून निसटू शकतात. स्मृतिभ्रंशात हा धोका अधिक असल्याने, डबी आतून टाक्याने स्नायूला घट्ट बांधावी किंवा अधिक खोल बसवावी, अशी विनंती शस्त्रक्रियेपूर्वीच करावी.

घरी आल्यावर

चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये आणि वजन उचलू नये. सांगून लक्षात राहत नाही, म्हणून घराची मांडणी बदलावी : दोरीवरचे कपडे, फळीवरचे डबे खाली आणावेत, आणि काखेत हात घालून उठवण्याऐवजी कमरेला आधार द्यावा. हात पूर्ण जखडून मात्र ठेवू नये, खांदा आखडतो. जखम रोज पाहावी. लाली, सूज, पाणी येणे किंवा ताप दिसल्यास थांबू नये. डबीला जंतुसंसर्ग झाला तर बहुधा संपूर्ण यंत्र काढावे लागते.

तक्रार सांगू न शकणाऱ्या रुग्णात डोळ्यांनी शोधायच्या खुणा वेगळ्या असतात. सतत उचकी लागणे किंवा पोटाचा वरचा भाग ठोक्याच्या लयीत उडणे म्हणजे तार श्वासपटलाला चेतवत असू शकते. पुन्हा चक्कर येणे किंवा नाडी ठरवलेल्या किमान गतीपेक्षा, बहुधा ६० पेक्षा, कमी भरणे म्हणजे तपासणीची वेळ आली आहे.

मोबाइल डबीपासून सहा इंच आणि इंडक्शन शेगडी दोन फूट दूर असावी. अंबाबाईच्या देवळातील धातुशोधक दारातून न थांबता चालत जावे, पेसमेकरचे ओळखपत्र दाखवावे आणि हातातले यंत्र छातीवर धरू देऊ नये. गणपतीच्या मिरवणुकीतील मोठ्या स्पीकरच्या भिंतीला टेकून उभे राहू नये. त्यांतील चुंबके मोठी असतात. शिरोलीत किंवा उद्यमनगरात आयुष्य घालवलेले आजोबा सवयीने कारखान्यात डोकावतात. तेथे वेल्डिंगपासून त्यांना दूर ठेवावे. ओळखपत्राची छायाप्रत त्यांच्या खिशात आणि छायाचित्र घरातील प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असावे. तपासणी पहिल्या तीन महिन्यांत एकदा आणि नंतर सहा ते बारा महिन्यांनी होते. गडहिंग्लज किंवा राधानगरीकडून येणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी, कारण सायंकाळी अशा रुग्णांचा गोंधळ वाढतो.

बॅटरी संपताना, आणि अखेरच्या काळात

बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षे टिकते आणि ती संपत आल्याची सूचना काही महिने आधी मिळते. १९५८ साली स्वीडनमध्ये ज्यांना पहिला पेसमेकर बसवला गेला, त्या आर्ने लार्सन यांना २००१ पर्यंतच्या आयुष्यात वीसहून अधिक यंत्रे लागली. प्रत्येक बदल हा स्वतंत्र निर्णयच होता. पहिल्या वेळी लिहिलेला कागद आता काढावा. ज्या त्रासासाठी यंत्र बसवले होते, तो त्रास आजच्या अवस्थेत त्या व्यक्तीसाठी महत्त्वाचा आहे का? हृदय पूर्णपणे यंत्रावर अवलंबून आहे का? नसल्यास, आणि आजार शेवटच्या पायरीवर असल्यास, बॅटरी न बदलण्याचा पर्याय डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावा.

पेसमेकरमुळे मरण लांबते आणि जीव अडकून राहतो, ही भीती अनेकांना असते. प्रत्यक्षात मृत्यूच्या वेळी हृदयाचा स्नायू विद्युत संदेशाला प्रतिसाद देणे थांबवतो, त्यामुळे साधा पेसमेकर सहसा मृत्यू अडवत नाही आणि वेदनाही देत नाही. आयसीडी मात्र झटके देत राहू शकते, म्हणून अखेरच्या काळात त्याचे झटके बंद करून घ्यावेत. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीलाच, समज शाबूत असताना, पुढे कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे सांगणारे वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवणे शक्य असते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यांकडून ते साक्षांकित करता येते. त्यात पेसमेकर बसवणे, बदलणे आणि बंद करणे यांविषयी स्पष्ट लिहावे.

दहन करण्यापूर्वी पेसमेकर काढणे अत्यावश्यक आहे, कारण उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊन चितेजवळच्या माणसांना इजा होऊ शकते. मृत्यू घरी झाल्यास दाखला द्यायला येणाऱ्या डॉक्टरांना यंत्राची कल्पना द्यावी. लहानसा छेद घेऊन ते काही मिनिटांत निघते. पंचगंगेच्या स्मशानभूमीत शेणी रचण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांना यंत्र काढले असल्याचे सांगावे आणि काढलेली डबी कचऱ्यात न टाकता रुग्णालयात जमा करावी.